चिमुकल्या इंजिनाची जमवाजमव

चावी देऊन पळविण्याची आगगाडी आणि खऱ्या वाफेनें चालणारें लहान इंजिन यांत साम्य काय तें दिसण्यापुरतेंच. दुसऱ्यांत खरोखरीचा कोळसा जळतो, पाणी उकळतें, दट्ट्या हलतो, आणि रुळांची रुंदी साडेतीनच इंच असली तरी तें प्रौढ मनुष्यास ओढून नेतें. हा छंद मुळांत इंग्लंडांतला. 'मॉडेल इंजिनीअर' हें नियतकालिक तेथें १८९८ सालीं निघालें, आणि नॉर्थॅम्प्टनची बॅसेट-लोक ही पेढी त्याच सुमारास या छंदाचें सामान टपालानें विकूं लागली. पुढें १९२४ पासून 'एल. बी. एस. सी.' ही आद्याक्षरें धारण करणाऱ्या लेखकानें त्या नियतकालिकांत लिहून, साध्या लेथवर काम करणाऱ्या गृहस्थासही असें इंजिन साधतें, हें दाखवून दिलें. सुटींत घरांतील मुलांस हाताशीं घेऊन हा उद्योग करूं इच्छिणाऱ्यांस पहिला प्रश्न पडतो तो असा कीं, भाग आणावयाचे कोठून?

आमच्या मतें त्याआधींचा प्रश्न कोणते भाग आणावयाचे हा आहे. वरील लेखकाचेंच 'टिच' हें चार चाकांचें इंजिन घेऊं. मोठ्या इंजिनाच्या सुमारें सोळाव्या हिश्श्याचें हें यंत्र. त्याचे आराखडे आधीं आणावे व महिनाभर नुसते वाचावे. सांगाड्याचे पत्रे, आंस, दांडे यांस साधें पोलाद लागतें. तें कोणत्याही मोठ्या शहरांत मिळतें. आजकाल सांगाडा यंत्रानें कापूनही मिळतो, आणि तो तसा घेण्यांत आम्हांस कमीपणा दिसत नाहीं.

चाकें आणि सिलिंडर यांची गोष्ट निराळी. हे भाग ओतीव. प्रत्येकास लांकडी नमुना लागतो, आणि बीड थिजतांना शेंकडा एक या मानानें आकसतें म्हणून नमुना तितका मोठा करावा लागतो. नमुने जपणारी पेढी बंद पडली कीं ते कोठें जातील याचा नेम नसतो. म्हणून बाकी सामान हळूहळू घेतलें तरी चालेल, ओतीव भाग मात्र एकदम व एकाच ठिकाणाहून घ्यावे. बिडाची वरची कातडी कठीण व वाळूमिश्रित असते. लेथवर पहिला काप तिच्या खालीं जाईल इतका खोल घ्यावा, नाहीं तर हत्याराची धार बसते.

आट्यांचा घोळ आपल्याकडे विशेष. इंग्रजी आराखड्यांतील बारीक स्क्रू ब्रिटिश असोसिएशनच्या मापाचे. त्यांतील सहा नंबरचा २.८ मिलिमीटर जाडीचा. त्याऐवजीं आपल्या बाजारांतला तीन मिलिमीटरचा बहुतेक ठिकाणीं चालतो. परंतु दाबमापक किंवा इंजेक्टर तिकडून मागविला, तर त्यावर इंचास ३२ किंवा ४० आटे असतात. तेथें आपलें माप चालत नाहीं, आटे पाडण्याचें हत्यारही त्याबरोबरच मागवावें.

आतां बॉयलर. येथें काटकसर करूं नये. चौरस इंचास ८० पौंड दाब म्हटला म्हणजे आकडा लहान वाटतो. पण तीन इंच लांब-रुंद सपाट पत्र्यावर तो ७२० पौंड, म्हणजे सुमारें सव्वातीनशें किलो होतो. या दाबाची वाफ १६२ अंशांची असते, आणि कथलाचें नेहमींचें झाळण १८३ अंशांस वितळूं लागतें. तेव्हां त्यावर सांधा सोंपविणें म्हणजे जीव सोंपविणें होय. पितळेचा बॉयलरही नको, कारण गरम पाण्यानें त्यांतील जस्त निघून जातें व पत्रा वरून धड दिसून आंतून ठिसूळ होतो. बॉयलर तांब्याचाच, आणि ६५० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या चांदीच्या झाळणानें जोडलेला असावा. जुन्या सांठ्यांतील झाळणाच्या कांड्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊं नयेत. त्यांत कॅडमियम असूं शकतें व त्याचा धूर विषारी असतो. युरोपीय संघानें २०११ सालीं त्यांस बंदी केली.

तांब्याचा पत्रा लाल करून पाण्यांत विझविला कीं मऊ होतो, आणि मग साच्यावर ठोकून त्याच्या कडा वळवितां येतात. ही विद्या पुण्याच्या तांबट आळीस नवी नाहीं. कडा तेथें अवश्य वळवून घ्याव्या, परंतु दाबाचे सांधे अनुभवी माणसाखेरीज कोणाच्या हातीं देऊं नयेत.

इंग्लंडांत छंदिष्ट मनुष्य वारला कीं त्याचें अर्धवट इंजिन लिलावांत येतें. चाकें, सिलिंडर यांसाठीं तें खुशाल घ्यावें. बॉयलरबरोबर मात्र परीक्षेचा दाखला मागावा, आणि दाखला असला तरी परीक्षा पुन्हां करावी. ती वाफेनें नव्हे, पाण्यानें: बॉयलर कांठोकांठ भरून, आंत हवा न ठेवतां, हातपंपानें दाब हळूहळू वाढवावा, नव्या बॉयलरास चालू दाबाच्या दुपटीपर्यंत. सांधा सुटलाच तर पाण्याची चिळकांडी उडेल, एवढेंच. तोंवर मुलांस कोळशाची पिशवी दाखवूं नये.