निस्तार म्हणजे अडगळ नव्हे!

परवा भाचा आला होता. कळमेश्वरजवळ जमिनीचा तुकडा घ्यायचा म्हणून कागद घेऊन. वाचता वाचता वैतागला. "मामा, भोगवटादार काय, निस्तार काय, वाजिब-उल-अर्ज काय! ही सगळी अडगळ फेकून सरळ 'मालक' लिहा ना!" घरातल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मंडळी, मला हे अजिबात पटत नाही.

आपल्या भागात 'मालक' हा शब्द कधी साधा नव्हताच. मालगुजार म्हणजे शब्दशः सारा भरणारा. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील वसुली करायचा. इंग्रजांनी १८६० च्या दशकात त्यालाच गावाचा मालक करून टाकलं. पण ढोरांची चराई, जळतण, तळ्याचं पाणी यांवर गावाची वहिवाट होती. तिचं नाव निस्तार. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, निस्तार राहिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तो आजही आहे, कलम १६१ पासून, आणि तोही फक्त विदर्भासाठी! गावातली कोणाच्या नावावर नसलेली जमीन कशी वापरायची ते निस्तारपत्रकात. वाटेची, पाण्याची, मासे धरण्याची रूढी वाजिब-उल-अर्जात.

आता सांगा, हे शब्द विसरले तर नुकसान कोणाचं? ज्याचा सातबारा आहे त्याचं नाही. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत पण गुंठाभर जमीन नाही, त्याचं. सातबाऱ्यावर तो कुठेच नाही. तो आहे फक्त निस्तारात.

आमच्या लहानपणी गावच्या आखरावर सकाळी ढोरं जमायची. काही वर्षांपूर्वी तिथे एकाने तारेचं कुंपण घातलं. ग्रामसभेत आरडाओरडा खूप झाला, पण "निस्तारपत्रक काढा" असं एकही जण म्हणाला नाही. मीसुद्धा नाही. जन्मभर पोरांना मराठी शिकवली, संधी-समास घोटून घेतले. हा एक शब्द शिकवला नाही. कुंपण अजून तिथेच आहे.

शब्द कठीण आहेत, कबूल. मग शेजारी सोप्या मराठीत अर्थ छापा! शब्द पुसू नका. 'मालक' म्हटलं की बाकी सगळ्यांचे हक्क झाकले जातात.

आणि भाच्याचं काय झालं? त्याचा कागद मी चष्मा लावून वाचला. भोगवटादार वर्ग २. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. विकणारा मात्र छातीठोकपणे "मीच मालक" म्हणत होता. इसार द्यायचा होता दुसऱ्या दिवशी! त्याला वाचवलं ते त्या 'अडगळी'नेच.

असो. यंदा दिवाळीला गावी याल तेव्हा तहसीलीत जाऊन आपल्या मौजाचं निस्तारपत्रक मागा. मी तर या सोमवारीच जाणार आहे. उशीर झालाय, पण जाणार आहे.