जहाज निघून गेल्यावर

रात्रीची जेवणे चालली आहेत. नर्सिंग झालेली, मोठ्या रुग्णालयात नोकरी करणारी मुलगी हळूच विषय काढते, "बाबा, मी दोन-तीन महिने बिनपगारी रजा घेऊन आफ्रिकेला जाईन म्हणते. ख्रिस्ती संस्थेचं जहाज आहे, त्यावर रुग्णसेवा करायला."

वडील विचारतात, "पगार किती देतात?"

"पगार नाही. उलट राहण्या-जेवणाचे पैसे आपणच भरायचे."

आईचा घास हातातच राहतो. असा प्रसंग आपल्या घरात आला तर आपण काय म्हणू? "इथले रोगी कमी पडले का?" हे बहुधा पहिले वाक्य असेल. प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर देण्याआधी त्या जहाजावर चालते तरी काय, हे पाहायला हवे.

'मर्सी शिप्स' ही संस्था डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या दाम्पत्याने 1978 मध्ये सुरू केली. एक जुने इटालियन प्रवासी जहाज घेऊन त्याचे रुग्णालय केले आणि त्याला 'अनास्तासिस' हे नाव दिले. पुढे डेन्मार्कमधील रेल्वेचे डबे वाहणारी एक मोठी फेरीबोट बदलून 'आफ्रिका मर्सी' तयार झाली. ती 2007 पासून सेवेत आली. 'ग्लोबल मर्सी' हे जहाज मात्र मुळातच रुग्णालय म्हणून बांधले गेले. त्याची सेवा 2022 मध्ये सेनेगलची राजधानी डकार येथे सुरू झाली.

जहाजच का? कारण जगातील बरीच शहरे समुद्राकाठी आहेत आणि जहाज आपली वीज, आपले पाणी, आपली शस्त्रक्रियागृहे बरोबर घेऊन जाते. शस्त्रक्रियेची गरज किती मोठी आहे, हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 मध्ये सांगितले. जगातील सुमारे 500 कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. आपल्याकडे मोतीबिंदू काढून माणूस त्याच दिवशी घरी येतो. तिकडे तोच मोतीबिंदू माणसाला आयुष्यभर आंधळा ठेवतो. जबड्यातली साधी, कर्करोग नसलेली गाठ वाढत वाढत नारळाएवढी होते, घास गिळता येईनासा होतो, श्वास कोंडतो. गावकरी म्हणतात, हा शाप आहे, आणि माणूस तोंडावर फडके बांधून घरात दडून बसतो.

अशा गाठी काढणारे अमेरिकन शस्त्रवैद्य डॉ. गॅरी पार्कर 1980 च्या दशकात काही महिन्यांसाठी म्हणून जहाजावर आले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. लग्न जहाजावरच्या सहकारिणीशी झाले, मुले जहाजावरच वाढली. सगळेच काही असे राहत नाहीत. कुणी शस्त्रवैद्य आपल्या वार्षिक रजेतले दोन आठवडे देतो, कुणी परिचारिका काही महिने. स्वयंपाकी, सुतार, वीजतंत्री, शिक्षक असे सगळेच तिथे लागतात आणि जवळजवळ सगळेच पदरमोड करून येतात. जहाजावर मोठी रक्तपेढी नसते. रक्त लागले की ज्याचा गट जुळतो त्याला हाक मारली जाते. सकाळी भाजी चिरणाऱ्याचे रक्त दुपारी रुग्णाच्या शरीरात वाहू लागते.

'आफ्रिका मर्सी'च्या कक्षात तर रुग्णाबरोबर आलेली आई त्याच्या खाटेखालीच गादी टाकून झोपत असे. परिचारिका औषध देऊन निघून गेली, असे तिथे चालत नाही. भाषा कळत नसली तरी बाळाला खेळवावे लागते, आजीचा हात धरून बसावे लागते.

सर्वांत करुण कहाणी बाळंतपणात दिवसचे दिवस अडलेल्या स्त्रियांची. मूल दगावते, आत जखम होऊन लघवी सतत गळू लागते, अंगाला वास येतो आणि नवरा घराबाहेर काढतो. शस्त्रक्रियेने यातल्या अनेकजणी बऱ्या होतात. निरोपाच्या दिवशी त्यांना नवा पोशाख देतात, सगळा कक्ष गातो, नाचतो. माहेरवाशिणीची पाठवणी करावी तसा तो सोहळा असतो.

हे सारे वाचून कुणाचेही मन भरून येईल. पण भरलेल्या मनाने निर्णय घेऊ नये. परदेशी सेवेचे असे अनेक दौरे निघतात. आठवड्याभरासाठी डॉक्टरांचा जथा येतो, शस्त्रक्रिया करतो आणि विमानात बसतो. दहाव्या दिवशी टाका उसवला तर रुग्णाने कुणाकडे जायचे? काही ठिकाणी तर शिकाऊ विद्यार्थी आपल्या देशात ज्याला हात लावू शकणार नाहीत, ते काम परक्या गरिबाच्या अंगावर करून पाहतात. सेवा करणाऱ्याला समाधान मिळते, फोटो निघतात, पण जखम मागे राहते.

म्हणूनच अशा कामाची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी : आपण निघून गेल्यावर तिथे काय उरते?

जहाजाचा अनुभव इथे बोलका आहे. ते सरकारच्या निमंत्रणावरून जाते आणि एका बंदरात साधारण दहा महिने थांबते, म्हणजे जखम भरेपर्यंत, व्यायाम देईपर्यंत वेळ मिळतो. दुभाषे म्हणून स्थानिक माणसांना पगारी काम दिले जाते. जन्मतः वाकडी असलेली पावले दर आठवड्याला प्लास्टर घालून सरळ करण्याची स्वस्त पद्धत तिथल्याच लोकांना शिकवली जाते. मादागास्करमध्ये तर शस्त्रक्रियेआधी तपासून पाहण्याच्या बाबींची जागतिक आरोग्य संघटनेची यादी कशी वापरावी, हे ठिकठिकाणच्या रुग्णालयांत जाऊन शिकवले गेले. जहाज गेले तरी ही शिकवण मागे उरते.

तरीही ताटातूट होतेच. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली. जहाज तिकडेच जायचे होते, पण खेटून खाटा असलेल्या जहाजावर अशी साथ शिरली तर काय होईल, हे ओळखून ते मादागास्करकडे वळवावे लागले. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सेनेगलही मध्येच सोडावे लागले. नावनोंदणी झालेले रुग्ण धक्क्याकडे पाहत राहिले. जहाज तिथे परतले ते 2022 मध्ये. शिवाय तपासणीच्या रांगेतही ज्यांचा कर्करोग हाताबाहेर गेला आहे त्यांना "नाही" म्हणावे लागते. मैलोन्‌मैल चालत आलेल्या आईला हे सांगणे शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. सेवेला निघालेल्याने या "नाही"ची तयारीही मनाशी ठेवायला हवी.

आणि धर्माचे काय? सेनेगल हा बहुसंख्य मुसलमानांचा देश. तिथे उपचार मिळण्यासाठी धर्म विचारला गेला नाही. करणाऱ्याची प्रेरणा त्याच्या श्रद्धेतून यावी, पण औषधाच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली जाऊ नये, ही रेषा ज्या संस्थेने पाळली नाही तिच्यापासून दूरच राहावे.

मराठी माणसाला हे समजायला आफ्रिकेपर्यंत जायला नको. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये असेच परक्या देशात, म्हणजे आपल्याकडे आले. मिरजेत त्यांनी रुग्णालय उभारले, त्याबरोबर वैद्यकीय शिक्षण देणारी शाळाही काढली आणि 1928 पर्यंत काम केले. मिरज आजही वैद्यकीय उपचारांसाठी ओळखली जाते, कारण त्यांनी आपल्यामागे शिकलेली माणसे ठेवली.

तेव्हा मुलीला लगेच "नाही" म्हणू नये आणि लगेच "हो"ही म्हणू नये. संस्था मागाहून रुग्णांकडे कोण पाहणार हे सांगते का? त्या देशात काम करण्याची रीतसर परवानगी मिळते का? आपल्या शिक्षणाबाहेरचे काम करायला लावत नाही ना? पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र नसेल तर आफ्रिकेतील बऱ्याच देशांतून भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. घरातली उरलेली औषधे पिशवीत भरून नेऊ नयेत. दान दिलेल्या औषधांची मुदत पोचल्यावर निदान एक वर्ष तरी असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

आणि आईच्या त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर? इथले रोगी कमी पडलेले नाहीत. म्हणून मुलीला एवढेच विचारावे, "तिथून परत आल्यावर इथल्या वॉर्डातल्या आजीचा हातही तसाच धरशील ना?" ती मनापासून "हो" म्हणाली, तर तिची बॅग भरायला आईनेच मदत करावी.