माल सारखा, मग गिऱ्हाईक कोणाचे?

एका दुकानाचा माल चालला की शेजारच्या दुकानातही तोच माल लागतो. लोक याला नक्कल म्हणून मोकळे होतात. आम्हा कापड व्यापाऱ्यांच्या मते हा प्रश्न इतका सोपा नाही.

परदेशातील पिस्तुलांच्या बाजाराचेच उदाहरण घ्या. २०१८ साली सिग सॉअर कंपनीने पी-३६५ हे लहान पिस्तूल आणले. त्यापूर्वी एवढ्या आकाराच्या पिस्तुलात सहा ते आठ गोळ्या मावत. यात दहा मावू लागल्या. २०१९ मध्ये ग्लॉक व स्प्रिंगफील्ड आणि २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसन व रुगर यांनीही तशीच पिस्तुले काढली. कारण उघड आहे. गिऱ्हाइकाच्या खिशाचे माप एकच, गोळीचे माप एकच. मग वस्तू वेगळी होणार तरी किती? शिवाय जो हा माल ठेवणार नाही, त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. आपल्याकडे तर कायदाच साचा ठरवतो. ९ मि.मी. पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून कानपूरचे रिव्हॉल्व्हर घ्या किंवा ईशापूरचे पिस्तूल, परवानाधारकासाठी दोन्ही .३२ बोअरचीच बनली.

कापडातही हेच आहे. साडी साडेपाच मीटरचीच लागते, यंत्रमागाचा पन्हा ठरलेला असतो. एक काठ चालला की बाजारभर तोच काठ दिसतो.

आता आपल्या तारकर्लीकडे पाहा. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आज तारकर्लीपासून देवबागच्या संगमापर्यंत पाट्या वाचत जा: निवास-न्याहारी, स्कूबा, डॉल्फिन दर्शन, मालवणी थाळी. पाटीवरचे नाव तेवढे बदलते. यात गुन्हा काही नाही. पर्यटक दोन दिवसांसाठी येतो व त्याला हेच हवे असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ सालीच दाखवून दिले होते की, एकाच रस्त्यावरचे दोन विक्रेते गिऱ्हाइकाच्या ओढीने एकमेकांजवळ सरकत जातात.

धोका पुढे आहे. माल सारखा झाला की भांडण फक्त दरावर येते. साडीचा दर पाडला तर फार तर सूत हलके येते, पहिल्या धुण्यात रंग जातो. समुद्रावर दर पाडला तर काटकसर कशात होणार? जॅकेटमध्ये, इंजिनाच्या दुरुस्तीत, शिकलेल्या माणसाच्या पगारात. किंवा नौकेत दोन माणसे जास्त बसणार. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा जीव गेला. त्या अपघाताचे कारण दरातील चढाओढ होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु येथे चूक झाली तर किंमत किती मोठी असते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

म्हणून आमची सूचना अशी: स्पर्धा जरूर करा, पण पाटीवर दराबरोबर हेही लिहा की नौकेत किती माणसे बसवणार, प्रत्येकाला जॅकेट आहे का, पाण्यात सोबत उतरणारा कोठे शिकला. याच गावात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. शिकायला दूर जावे लागत नाही. गिऱ्हाइकानेही दर विचारण्याआधी हे विचारावे.

कापडाच्या बाजारात एकच ठाण दहा दुकानांत मिळते. तरीही गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते, जिथे मीटर पूर्ण मोजला जातो. माल सारखा असू शकतो. माप ज्याचे त्याचे असते.