आधी टोळी ओळखा, मग पिंजरा लावा

हरभऱ्याला घाटे धरले, तुरीच्या शेंगा भरल्या की जवळा बाजारसारख्या हिंगोली जिल्ह्यातल्या गावांची मागणी ठरलेली असते : वानरे धरून न्या. मागणी रास्त आहे. उभे पीक डोळ्यांदेखत जाताना शेतकरी गप्प कसा बसेल? पण टोळीत कोण आहे हे न पाहताच पिंजरा लावायचा, तर आपले शास्त्र कशासाठी?

धारवाडला 1960च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी आणि पुढे माउंट अबूला सारा हर्डी यांनी केलेली निरीक्षणे आपण सारे शिकलो आहोत. हुप्प्या, माद्या आणि पिल्ले यांची एक टोळी. टोळीबाहेर पडलेल्या नरांची दुसरी. हुप्प्या हटला की बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो आणि अंगावर पिणारी पिल्ले बऱ्याचदा मारतो. नेमका मोठा नर उचलून नेला तर पीक वाचेल याची खात्री नाही, टोळीची घडी मात्र विस्कटते.

2021च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या लऊळची बातमी जगभर गाजली. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून नेतात म्हणून वन विभागाने दोन वानरे पकडली. वानरांनी कुत्र्यांवर सूड उगवल्याच्या कहाणीने रकाने भरले. पण सूड म्हणजे वर्तनाची नोंद नव्हे. याच मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावच्या दप्तरी 32 एकर जमीन वानरांच्या नावे असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. गावाची माया अशी कागदावर आहे. तिला अभ्यासाची जोड हवी.

मादागास्करमध्ये लेमूरसाठी अशी जोड मिळाली. सोनेरी बांबू लेमूरची शास्त्रीय नोंद 1987 मध्ये झाली आणि 1991 मध्ये रानोमाफाना राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. अंजा येथे गावकऱ्यांच्या संस्थेनेच रान राखले; पर्यटकांच्या शुल्कातून गावाला उत्पन्न मिळाले आणि 2012 मध्ये संस्थेला इक्वेटर पुरस्कार लाभला.

आपल्याकडे सुरुवात एका वहीपासून करता येईल. पहाटे टोळी मुक्कामाच्या वडा-पिंपळावरून उतरण्याआधी मोजणी करावी. मोठे नर किती, पोटाला काळपट पिल्लू बिलगलेल्या माद्या किती, टोळी कोणत्या शेतात उतरली, पीक कोणत्या अवस्थेत होते, एवढेच लिहावे. वही गावातल्या राखणदाराकडे असावी. वनरक्षकाने ती महिन्याला तपासावी आणि नुकसानीच्या पंचनाम्याला जोडावी. अभ्यासकांनी निष्कर्ष आधी ग्रामसभेत मांडावेत, शोधनिबंध नंतर लिहावा. अशी वही नसेल तिथे पिंजऱ्याच्या प्रस्तावावर सही करू नये.