सासऱ्यांची रायफल आणि झिजलेला आकडा



या सदरात आपण आजवर घड्याळं पाहिली, ग्रामोफोन पाहिले, आजीच्या माळ्यावरची पितळी भांडीही पाहिली. आजची वस्तू मात्र अशी आहे, की तिला हात लावण्याआधी कागद बघावे लागतात.

बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीत एक काकू राहतात, मूळच्या बेळगावकडच्या. गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या परवान्यावर सासऱ्यांपासून चालत आलेली एक शिकारी रायफल होती. काकूंनी ती लगेच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली आणि पावती घेतली. हे त्यांनी अगदी बरोबर केलं. परवानाधारक गेला की त्याचा परवाना घरच्यांच्या कामाचा राहत नाही, आणि कपाटात नुसती ठेवलेली रायफलसुद्धा गुन्हा ठरते. अशी शस्त्रं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे.

मग सल्ले सुरू झाले. पुतण्या म्हणाला, "काकू, जर्मन आहे, लाखोंची असेल." ओळखीतला एकजण म्हणाला, "जुनं लोखंड आहे, मी घेऊन जातो." काकू मला म्हणाल्या, "अगं, आधी ती आहे तरी काय ते कळू दे मला." म्हणून आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. तिथे जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

आधी रिकामी, मग बाकी सगळं

दुकानदारांनी रायफल जमिनीकडे रोखून बोल्ट उघडला आणि काडतूस बसतं ती जागा डोळ्यांनी पाहिली, बोटानेही चाचपली. मॅगझिन रिकामं असल्याची खात्री केली. "पन्नास वर्षं पडून असली तरी भरलेलीच आहे असं समजायचं," ते म्हणाले. घरात मुलं असतील तर हे वाक्य त्यांनाही ऐकवा.

बोल्ट म्हणजे काय? दाराची कडी आठवा. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलून खाली दाबायची. दर गोळीला हेच करायचं. सगळ्याच शिकारी रायफली अशा नसतात. आपल्या बेंगळुरूचे प्रसिद्ध शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांची ०.४०५ विंचेस्टर अमेरिकन होती आणि चापाखालचा दांडा खालीवर करून चालायची.

नाव कुणाचं, काम कुणाचं

युरोपीय बोल्ट रायफलींत सर्वांत जास्त भेटतं ते जर्मनीच्या ओबर्नडॉर्फ गावच्या माउझरचं १८९८ चं घडण. बोल्टच्या बाजूने जाणारी लांब पोलादी पट्टी, म्हणजे काडतूस घट्ट पकडणारा पंजा, ही त्याची खूण. बोल्टच्या मागच्या टोकाला आडवा-उभा फिरणारा सुरक्षेचा पंख असतो. ऑस्ट्रियाची मानलिखर-शोनाउअर निराळी दिसते. तिच्या बोल्टची मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी असते आणि मॅगझिनमध्ये काडतुसं गोल फिरतात. चेक बनावटीच्या रायफलींवर 'ब्रनो' हे नाव असतं.

पण नळीवरचं नाव वाचून थांबू नका. लंडनच्या रिग्बीसारख्या कंपन्या माउझरचं घडण घेऊन त्यावर आपली रायफल बांधत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली ०.२७५ रायफल अशीच, रिग्बीची पण माउझर घडणीची.

नावापेक्षा खात्रीच्या असतात चाचणीच्या खुणा. युरोपात बंदूक विकण्याआधी सरकारमान्य चाचणीगृहात जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासत आणि मग शिक्का मारत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन बंदुकांवर मुकुटाखाली बी, यू, जी अशी अक्षरं दिसतात, पुढच्या काळात गरुड येतो. बेल्जियमच्या लिएजचा शिक्का अंडाकृती असतो आणि त्यात ईएलजी ही अक्षरं असतात. काकूंच्या रायफलीवर मुकुट होते. पुतण्याचं निदान 'जर्मन' इथपर्यंत बरोबर निघालं.

'आठ एमएम' म्हणजे नेमकं कोणतं?

परवान्यावर नुसतं '८ एमएम' लिहिलं होतं, आणि खरा धोका इथेच होता. माउझरच्या ८×५७ काडतुसाचे दोन प्रकार आहेत. जुन्याची गोळी ०.३१८ इंच जाडीची. पुढे जर्मन लष्कराने ०.३२३ इंचाची गोळी आणली आणि त्या काडतुसाच्या नावात 'एस' हे अक्षर आलं. बाहेरून दोन्ही काडतुसं जवळपास सारखीच दिसतात. पण जाड गोळी बारीक नळीतून उडवली तर दाब धोकादायक वाढतो. भर म्हणून आपल्याकडे ०.३१५ ची देशी रायफल आहे. तीही आठ मिलिमीटरचीच, पण तिचं काडतूस मानलिखर घराण्यातलं आणि सर्वस्वी वेगळं.

म्हणून अंदाजाने काडतूस लावून बघायचं नाही. नळीचं माप कारागिराकडून घ्यायचं. काकूंची रायफल जुन्या, बारीक नळीची निघाली.

नळी, दस्ता, जोड

नळीत प्रकाश टाकून पाहिलं तर आतले पीळ धारदार दिसायला हवेत. इथे खड्डे होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत राहायचा आणि तो दमट हवेत लोखंड खायचा. ज्यांनी शिकारीनंतर त्याच दिवशी नळी धुतली नाही, त्यांच्या रायफली अशाच दिसतात.

लाकडी दस्त्याला बोल्टच्या मागे, मनगटाच्या जागी बारीक चीर आहे का ते बघा. बोल्टवरचा क्रमांक आणि मुख्य भागावरचा क्रमांक जुळतो का तेही बघा. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असू शकतो. मग बोल्ट आणि काडतूस यांमधलं अंतर मोजल्याशिवाय ती चालवणं धोक्याचं.

एक आकडा

काकूंच्या रायफलीचे दोन्ही क्रमांक जुळले. परवान्याशी मात्र जुळेनात. परवान्यात शेवटचा आकडा ३ होता. भिंगातून पाहिलं तर लोखंडावर झिजलेला ८. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी चुकीचा वाचला आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणात तोच उतरत गेला.

कागदाच्या दृष्टीने ती रायफल दुसरीच होती! हे आज लक्षात आलं नसतं तर वारसाचा अर्ज किंवा विक्री, काहीच पुढे सरकलं नसतं. काकूंनी फोटो, पावती आणि सासऱ्यांच्या जुन्या परवान्याची प्रत जोडून दुरुस्तीचा लेखी अर्ज दिला.

मग किंमत किती?

परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास थांबली, म्हणून जुन्या युरोपीय रायफलींना आपल्याकडे मागणी आहे. पण घेणारा परवानाधारकच हवा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यात काडतुसं दुर्मिळ आणि नळीत खड्डे. ज्याच्या परवान्यात जागा आहे असा माणूस जेवढे देईल, तेवढीच तिची किंमत.

ठेवायची असेल तर वारसाला अर्ज करता येतो. बेंगळुरू शहरात तो पोलीस आयुक्तांकडे जातो. वय २१ पूर्ण हवं, इतर वारसांची ना-हरकत, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि घरात कुलूपबंद जागा, एवढं लागतं. कोडगूतल्या कोडवा समाजाला परवान्यातून सूट आहे, पण ती आपल्याला लागू नाही. आणि शिकारीसाठी म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो विषय आता संपलेला आहे.

गावचं घर आवरताना अशी वस्तू सापडली तर गाडीच्या डिकीत टाकून बेंगळुरूला आणू नका. तिथल्याच पोलीस ठाण्याला कळवा, जमा करा, पावती घ्या. पावती हातात आली की मग खुणा वाचायला हवा तेवढा वेळ आहे.

काकूंनी शेवटी विकायचं ठरवलं. "नातू दोन वर्षांचा आहे गं, आणि घर दोन खोल्यांचं," एवढंच त्या म्हणाल्या. दुरुस्त परवाना आला की विक्रेत्यामार्फत व्यवहार होईल. त्या मुकुटांचा आणि झिजलेल्या आकड्याचा फोटो मात्र त्यांनी मोठा करून घेतलाय. तो सासऱ्यांच्या फोटोशेजारी लागणार आहे.