अश्मवृक्षांच्या वाटेवर

अमेरिकेत मुलामुलींकडे काही महिने राहून येणाऱ्या आपल्याकडील ज्येष्ठांच्या प्रवासयादीत ग्रँड कॅन्यन हमखास असते. त्याच ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात 'पेट्रिफाइड फॉरेस्ट' नावाचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. 'अश्मीभूत अरण्य' असे त्याचे मराठी रूप करता येईल. त्या यादीत या उद्यानाचे नाव क्वचितच आढळते. वास्तविक गुडघे दुखणाऱ्या प्रवाशालाही सुखाने पाहता येईल असे हे स्थळ आहे, कारण ते मुख्यतः गाडीतूनच पाहावयाचे असते. उद्यानाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत २८ मैलांचा, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरचा एकच पक्का रस्ता आहे. प्रवेशद्वारावर शुल्क भरावे, नकाशा हाती घ्यावा आणि वाटेल तिथे थांबत, उतरत, पुन्हा बसत पुढे जावे. बरोबर वाटाड्या नसतो, बस सुटण्याची घाई नसते आणि मागून 'चला, चला' म्हणणारेही कोणी नसते.

उत्तरेकडून प्रवेश केल्यावर प्रथम भेटते ते 'पेंटेड डेझर्ट' अर्थात रंगीत वाळवंट. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. येथे वाळूचे ढिगारे नाहीत, तर मातीचे थर आहेत. तांबडे, गेरूसारखे, करडे, जांभळट असे पट्टे एकावर एक रचलेले, आणि सूर्य कलेल तसे बदलत जाणारे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच आहे. वर्षाला पाऊस जेमतेम दहा इंच. हिवाळ्यात येथे बर्फही पडते. रस्त्यालगत ठिकठिकाणी दृश्यबिंदू आहेत. त्यांपैकी एकाला लेसी यांचे नाव दिले आहे. हे लेसी म्हणजे आयोवा राज्याचे लोकप्रतिनिधी जॉन लेसी. प्राचीन वास्तू व स्थळांच्या रक्षणाचा १९०६ चा अमेरिकन कायदा त्यांच्या पुढाकाराने झाला. त्याच कायद्याच्या आधारे ८ डिसेंबर १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या अरण्याला राष्ट्रीय स्मारक घोषित केले. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मात्र १९६२ साली मिळाला.

थोडे पुढे 'पेंटेड डेझर्ट इन' ही मातकट रंगाची जुनी वास्तू लागते. १९२० च्या दशकात एका गृहस्थाने ती अश्मीभूत लाकडाचे तुकडे वापरून बांधली होती. १९३६ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या योजनेतून तिला आजचे रूप दिले. आतील भिंतींवर फ्रेड काबोटी या होपी जमातीच्या चित्रकाराची चित्रे आहेत. तेथून पुढे गेल्यावर माळावर एक गंजलेली मोटार उभी दिसते. ती १९३२ सालची स्टुडबेकर आहे. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा प्रसिद्ध 'रूट ६६' महामार्ग पूर्वी येथून जात असे. त्याचे डांबर केव्हाच नाहीसे झाले. जुन्या तारखात्याच्या खांबांची ओळ मात्र अजून उभी आहे, आणि तीवरूनच हरवलेल्या रस्त्याची दिशा कळते.

यानंतर आपला रस्ता आजचा महामार्ग, लोहमार्ग आणि बहुतेक काळ कोरडी असणारी पुएर्को नदी ओलांडतो. नदीकाठी पुएर्को पुएब्लो या वस्तीचे अवशेष आहेत. इसवी सनाच्या तेराव्या-चौदाव्या शतकांत येथे सुमारे शंभर खोल्यांचे गाव नांदत होते. तेथील एका दगडावर वर्तुळाकार खूण कोरलेली आहे. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास सूर्याची तिरीप सरकत सरकत त्या खुणेच्या मध्यावर येते. पेरणी-कापणीचे पंचांग त्या लोकांनी असे दगडावर उतरवून ठेवले होते. जवळच 'न्यूजपेपर रॉक' म्हणजे वृत्तपत्र-शिळा आहे. तीवर साडेसहाशेहून अधिक चित्रे कोरलेली आहेत. ती दुरूनच, कड्यावर बसवलेल्या दुर्बिणीतून पाहावी लागतात.

ज्यासाठी यायचे ते दगडी लाकूड यापुढे सुरू होते. सुमारे २१ ते २२ कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता. हवा दमट होती, नद्या वाहत होत्या आणि काठांवर सूचिपर्णी वृक्ष उंच वाढत होते. उन्मळून पडलेली झाडे प्रवाहाबरोबर वाहत जात आणि गाळात व ज्वालामुखीच्या राखेत खोल गाडली जात. हवा न पोचल्यामुळे ती चटकन कुजली नाहीत. राखेतील सिलिका पाण्यात विरघळली, लाकडात झिरपली आणि कणाकणाने तेथे गारगोटीच्या जातीचा दगड तयार झाला. लोहामुळे तांबडा-पिवळा, मँगनीजमुळे जांभळा-काळा असे रंग त्यात उतरले. काही ओंडक्यांवर सालीचा खडबडीतपणा अजून ओळखू येतो. हात लावला की मात्र गार दगड लागतो. कित्येक ओंडके करवतीने कापल्यासारखे सरळ तुकड्यांत पडलेले दिसतात आणि येथे लाकूडतोड्यांचा तळ होता की काय असे वाटते. त्यात मनुष्याचा हात नाही. जमीन वर उचलली गेली तेव्हा हा ठिसूळ दगड आडवा तडकला, फळ्यावरचा खडू तडकतो तसा.

मुख्य रस्त्यापासून एक फाटा 'ब्लू मेसा' या पठारावर जातो. ज्याला वेळ कमी आहे त्याने बाकी काही गाळावे, पण हा फाटा गाळू नये. येथील टेकड्या निळसर-करड्या आहेत. पावसात फुगणारी आणि उन्हात तडे जाणारी ही माती दरवर्षी थोडी थोडी झिजते, आणि पोटात दडलेले ओंडके उघडे पडत जातात. काही ओंडके मातीच्या चौथऱ्यावर तोललेले असतात. एखाद्या पावसाळ्यात चौथरा ढासळतो आणि ओंडका खाली घरंगळतो. सुमारे एक मैलाची पायवाट खाली उतरून या टेकड्यांमधून वळसा घालते. चढ परतताना आहे, हे उतरतानाच लक्षात ठेवावे. 'अ‍ॅगेट ब्रिज' हा ११० फूट लांबीचा ओंडका घळीवर पुलासारखा आडवा पडला आहे. तो मोडू नये म्हणून १९१७ साली त्याच्याखाली काँक्रीटची तुळई घातली गेली. निसर्गाला त्याच्या गतीने जाऊ द्यावे हे उद्यानाचे आजचे धोरण आहे. हा पूल आज प्रथम सापडता तर तुळई घातली गेली नसती.

'क्रिस्टल फॉरेस्ट' येथे पोचल्यावर मन थोडे खिन्न होते. या ओंडक्यांच्या पोकळ्यांत एकेकाळी जांभळे आणि पारदर्शक स्फटिक होते. १८८० च्या दशकात या भागात रेल्वे आली आणि मागोमाग स्फटिक गोळा करणारे आले. सुरुंग लावून ओंडके फोडले गेले. अश्मीभूत लाकूड भरडून घासकामाची पूड करावी म्हणून एक यंत्रसुद्धा स्थानकाजवळ उभारले गेले. तेव्हा तेथील रहिवासीच सावध झाले. १८९५ मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाने केंद्रीय काँग्रेसकडे संरक्षणाची मागणी केली. पुढे निसर्गअभ्यासक जॉन म्यूर येथे काही काळ राहिले, हिंडले, आणि त्यांचाही शब्द या कामी आला.

येथून पुढचा इतिहास हिशेबाचा आहे आणि तो अधिक बोधप्रद आहे. संरक्षण मिळाल्यावर सुरुंग थांबले, पण प्रवासी खिशात तुकडे घालून नेतात ही चिंता उरली. रस्ता लांब, वाटा मोकळ्या, रक्षक मोजके आणि तुकडे पायापाशी पसरलेले. आपल्या जैसलमेरजवळच्या आकल येथेही असेच अश्मीभूत वृक्ष आहेत. किल्ल्यातील मंदिरांच्या दर्शनाला जाणाऱ्या अनेकांनी ते पाहिले असतील. तेथे ओंडक्यांवर लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत. ॲरिझोनात हजारो ओंडक्यांना पिंजरे घालणे अशक्य होते. म्हणून फलक लावले गेले. वर्षाला १२ टन लाकूड चोरीस जाते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. कुठे १४ टनांचा आकडा लिहिला गेला. सामान्य प्रवाशाला उद्यानात शिरताच कळे की आपल्या आधी आलेल्यांपैकी पुष्कळजण चोर होते, आणि आपल्याकडेही त्याच नजरेने पाहिले जात आहे.

हिशेब तपासणारा कोणीही येथे पहिला प्रश्न विचारील तो हा, की आरंभीची शिल्लक किती होती? घट दाखवायची तर आधीचा साठा मोजलेला हवा, आणि शेकडो चौरस किलोमीटरवर विखुरलेल्या दगडांची मोजदाद कोणी केली होती? तरीही तो आकडा वृत्तपत्रांतून, पुस्तकांतून आणि फलकांवरून फिरत राहिला. पुनःपुन्हा छापला गेलेला आकडा हळूहळू पुराव्याची प्रतिष्ठा मिळवतो, हा अनुभव केवळ उद्यानांपुरता नाही.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फलकांचीच परीक्षा घेतली. पायवाटेवर गुप्त खूण केलेले तुकडे ठेवले आणि वाटेच्या तोंडाशी आळीपाळीने वेगवेगळे फलक लावले. एका फलकाचा आशय असा की पूर्वीच्या अनेक प्रवाशांनी लाकूड उचलून नेल्यामुळे अरण्याचे रूप बिघडले आहे. दुसऱ्यावर एवढीच विनंती की कृपया लाकूड नेऊ नये. पहिला फलक असताना खुणेचे ७.९२ टक्के तुकडे नाहीसे झाले, तर दुसरा असताना अवघे १.६७ टक्के. 'सगळेच नेतात' हे वाक्य निषेध म्हणून लिहिले होते. वाचणाऱ्याने ते परवानगी म्हणून वाचले. करचुकवेगिरीविषयी आपल्याकडे होणाऱ्या जाहीर भाषणांनाही हे लागू पडेल.

पुढे उद्यानाने आणखी एक साधी गोष्ट केली. जुनी छायाचित्रे काढून त्याच जागी उभे राहून नवी घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. बहुतेक ठिकाणी ओंडके तर जागेवर होतेच, लहान तुकडेही होते तिथेच पडलेले आढळले. चोरी मुळीच होत नव्हती असे नव्हे, पण अरण्य लुटले जात असल्याची जी हाकाटी होती, तिला छायाचित्रांनी दुजोरा दिला नाही. त्यानंतर उद्यानाची भाषा बदलली. संशय दाखवणाऱ्या सूचना कमी करण्यात आल्या. मळलेली वाट सोडून आत हिंडू इच्छिणाऱ्यांसाठी लेखी मार्गदर्शनाच्या पत्रिका तयार झाल्या. पूर्वीच्या वृत्तीने पाहिले तर हे धाडसच होते. ज्याला चोर समजत होते, त्यालाच आतल्या खोलीची वाट दाखवली.

रस्त्याच्या दक्षिण टोकाला 'रेनबो फॉरेस्ट' संग्रहालय आहे. त्याच्या मागेच 'जायंट लॉग्ज' ही छोटी वाट आहे. तेथील सर्वांत मोठ्या ओंडक्याचा बुंधा जवळजवळ दहा फूट रुंद आहे. जवळच 'अ‍ॅगेट हाऊस' हे अश्मीभूत लाकडाच्या ठोकळ्यांनी रचलेले प्राचीन घर आहे. उद्यानाच्या दप्तरात याहून वेगळा असा एक ठेवाही जपलेला आहे. येथून नेलेले तुकडे लोक टपालाने परत पाठवतात आणि सोबत पत्र लिहितात. जपलेल्या पत्रांतील सर्वांत जुने १९३५ सालचे आहे. कोणी लिहिते की तुकडा घरी आल्यापासून आजारपण सुटले नाही, कोणाची नोकरी गेली, कोणाचा संसार मोडला. दगड नेल्याने दुर्दैव ओढवते ही समजूत येथे बरीच पसरली आहे. भीतीपोटी परत केलेला तुकडा आणि पश्चात्तापाने परत केलेला तुकडा यांत फरक आहे, तो टपालाच्या पेटीवरून कळत नाही. काही पत्रांत मात्र कोणत्याही संकटाचा उल्लेख नसतो. लहानपणी उचलला होता, आता परत घ्यावा, इतकेच असते.

हे तुकडे पुन्हा अरण्यात ठेवता येत नाहीत. कोणता तुकडा कोणत्या थरातला, कोणत्या ओंडक्याचा, हे आता कोणालाच ठाऊक नसते. भलत्या जागी ठेवला तर उद्याच्या संशोधकाची फसगत होईल. म्हणून ते एका आडरस्त्याच्या कडेला ढिगात टाकले जातात. त्या ढिगाला तेथे 'सदसद्विवेकाचा ढीग' अशा अर्थाचे नाव पडले आहे.

प्रवासाची तयारी साधी आहे. फिनिक्सहून साडेतीन-चार तास लागतात, फ्लॅगस्टाफहून दोनच्या आत. मुक्काम होलब्रुक गावी करावा, कारण उद्यानात निवासाची सोय नाही आणि संध्याकाळी दरवाजे बंद होतात. पश्चिमेकडून येणाऱ्याने दक्षिण दरवाजातून शिरून उत्तरेला बाहेर पडावे, पूर्वेकडून येणाऱ्याने उलट करावे, म्हणजे तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. उतरत-थांबत पाहायचे तर अर्धा दिवस हाताशी हवा. उत्तर दरवाजाशी उपाहारगृह आहे, पण आपल्या पद्धतीचे जेवण मिळेल या भरवशावर राहू नये. दशम्या आणि भरपूर पाणी बरोबर असलेले बरे. नातवंडांना अश्मीभूत लाकडाचा तुकडा हवाच असेल तर तो होलब्रुकच्या दुकानांत उजळ माथ्याने मिळतो. खासगी जमिनीतून काढलेला तो माल असतो. मात्र आधी खरेदी करून मग उद्यानात शिरायचे असल्यास पावती जवळ ठेवावी आणि दरवाजावरच तसे सांगावे.