सिंक पिवळे पडले म्हणून टाकू नका

कशेळ्याच्या एका भगिनीने विचारले आहे, "स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे सिंक पिवळे आणि खरखरीत झाले आहे. बकरी ईद तोंडावर आहे. बदलावे की राहू द्यावे?"

भगिनींनो, आधी सिंक फुटले आहे का ते पाहा. भोक बंद करून पाणी भरा, खाली कोरडे वर्तमानपत्र ठेवा. तासाभराने कागद कोरडा असेल तर सिंक वाचते.

पिवळा थर बहुधा क्षाराचा असतो. आपल्याकडच्या काळ्या कातळातून आलेल्या बोअरच्या पाण्यात चुना असतो. पाच वेळा वजू, दिवसभर भांडी. प्रत्येक वेळी थेंब सुकतात आणि चुना मागे राहतो. त्यावर तेल, मसाल्याची चरबी बसते. मग आपण तारेची घासणी चालवतो. तिने ओरखडे पडतात आणि मळ त्यांतच रुततो.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, म्हणजे चरबी निघेल. उकळते पाणी ओतू नका, प्लॅस्टिक वाकते. नंतर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवा, जुने फडके त्यात भिजवून डागांवर अर्धा तास पसरा. चुना सुटला की मऊ स्पंजाने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. उरलेल्या डागांवर खाण्याच्या सोड्याची लापशी लावा. हळदीचा डाग मात्र ऊन लागले की आपोआप फिका होतो.

ओरखडे जास्त असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर आणा. आधी ६०० नंबर, मग १०००. पाणी लावत हलक्या हाताने गोल फिरवा. वरून चकचकीत थर दिलेले फायबरचे सिंक असेल तर हे करू नका, थर निघून जाईल. थिनरही लावू नका.

एक गोष्ट जिवाची आहे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही लिंबूफूल, व्हिनेगर किंवा संडासाच्या अ‍ॅसिडसोबत वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत भरतो. चुकून असे झाले तर दारे-खिडक्या उघडून मुलांसह बाहेर पडा आणि खोकला, धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठा.

कुर्बानीच्या दिवशी चरबी सिंकमध्ये ओतू नका. थंड झाली की पाइपात गोठते. भांडी आधी कागदाने पुसून घ्या.

रोज रात्री सिंक धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. टपकणारा नळही लगेच दुरुस्त करा. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात, वजू करत. आपल्या नळातून रात्रभरात त्याहून कितीतरी जास्त पाणी वाहून जाते.